डोंगरातला समुद्र आणि छपरावरचा पत्रा

स्वित्झर्लंडचे मॅटरहॉर्न शिखर अनेकांनी चित्रात पाहिले असेल. त्याच्या पायथ्याशी, झरमॅट गावाभोवती, चक्क समुद्राचा तळ आहे. पाण्याखाली थिजलेला, उशांसारखा गोलसर लाव्हा तिथे आजही ओळखता येतो. सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वी इथे महासागर होता. भूखंड जवळ येऊ लागले तसा त्याचा तळ जमिनीखाली सुमारे ९० किलोमीटर खोल ओढला गेला आणि पुन्हा वर आला. तिथल्या खडकात सापडणारे कोएसाइट हे खनिज त्याचा पुरावा आहे. प्रचंड दाबाशिवाय ते तयारच होत नाही. दूरवरून सरकत येऊन दुसऱ्या खडकांवर पसरलेल्या अशा थराला भूवैज्ञानिक ‘नॅप’ म्हणतात.

या खडकांचा आपल्या आरोग्याशी काय संबंध? महासागराच्या तळाखालच्या खडकात पाणी मुरले की सर्पेंटिनाइट बनतो आणि त्याच्या भेगांत कधी कधी रेशमासारखे तंतू वाढतात. तेच ॲस्बेस्टॉस. त्याच महासागराचे अवशेष असलेल्या इटलीतल्या बालांजेरोच्या डोंगरात पश्चिम युरोपातली सर्वांत मोठी ॲस्बेस्टॉसची खाण होती. ती १९९० मध्ये बंद झाली आणि १९९२ मध्ये इटलीने ॲस्बेस्टॉसवर कायद्याने बंदी घातली. कारण हे तंतू श्वासातून फुप्फुसात रुततात आणि कित्येक दशकांनी कर्करोग होऊ शकतो.

डोंगरात बंदिस्त असलेला तंतू सहसा कुणाच्या वाटेला जात नाही. आपण तो फोडतो, दळतो, तेव्हा तो हवेत येतो. आपल्या देशाने ॲस्बेस्टॉसच्या खाणी थांबवल्या. पण परदेशातून ते आणून सिमेंटचे पत्रे बनवणे चालूच आहे. खाणकामगारासाठी जे घातक, ते पत्रा कापणाऱ्या गवंड्यासाठी निर्धोक कसे?

सिमेंटमध्ये तंतू पक्के बसलेले असतात, असे उत्पादक सांगतात. पत्रा अखंड असेपर्यंत ते बऱ्याच अंशी खरे. पण पत्रे कापले जातात, त्यांना भोके पाडली जातात, वादळात ते फुटतात. तंतूविरहित पर्याय उपलब्ध असताना ही आयात थांबवायलाच हवी. तोवर निदान जुना पत्रा कोरडा फोडू नका. ओला करून, अखंड उतरवा. निसर्गाने कोट्यवधी वर्षे डोंगरात दडवलेली वस्तू आपण छपरावर का मिरवावी?