काळीज आणि कावीळ

मराठीत 'काळीज' हा शब्द कवींनी आणि गीतकारांनी इतका झिजवला आहे, की त्याचा मूळ अर्थ आता कोणी विचारत नाही. काळीज फाटते, काळजाचे पाणी होते, काळजाला घरे पडतात. आणि हे सारे होताना आपला हात आपसूक छातीच्या डाव्या अंगाला जातो. वस्तुतः संस्कृतातील 'कालेय' म्हणजे यकृत, आणि त्यापासून आलेले काळीज हेही मुळात यकृतच. खाटकाच्या दुकानात हा अर्थ अजून शाबूत आहे. तेथे कलेजी मागितली तर कोणी हृदय बांधून देत नाही. हात खरे तर उजवीकडे, बरगड्यांच्या खाली जायला हवा. भाषेने या अवयवाची सारी प्रतिष्ठा काढून हृदयाला बहाल केली आणि यकृताच्या वाट्याला दोनच गोष्टी ठेवल्या : कावीळ आणि दारू.

हा निव्वळ व्युत्पत्तीचा खेळ असता तर त्यासाठी वाचकांचा वेळ घेतला नसता. चंद्रपूर-गडचिरोलीकडे हिपॅटायटिस सी या आजाराची तपासणी करून घ्यायला माणसे का धजत नाहीत, किंबहुना ती करायची असते हेच त्यांना का ठाऊक नसते, याचे उत्तर मला याच दोन शब्दांत सापडते.

माझ्या यकृतात हा विषाणू बहुधा अठ्ठावीस वर्षे होता. १९९१ साली बाळंतपणात फार रक्तस्राव झाला आणि दोन बाटल्या रक्त द्यावे लागले. त्याखेरीज दुसरे कारण डॉक्टरांना दिसले नाही. हिपॅटायटिस सीचा विषाणू ओळखला गेला तो १९८९ मध्ये, आणि आपल्याकडच्या रक्तपेढ्यांत त्याची चाचणी सक्तीची झाली ती २००१ पासून. तेव्हा त्या बाटलीला, किंवा ती देणाऱ्या अनामिक दात्याला बोल लावण्यात अर्थ नाही. त्या रक्तानेच मी वाचले. पुढे नोकरी झाली, मुले मोठी झाली, वर्गावर उभे राहून शिकवताना थकवा येई तो वयाचा समजला. २०१९ मध्ये मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी नेहमीच्या तपासण्या झाल्या आणि त्यांत हे निघाले. त्या दवाखान्याने माझ्या फाइलवर लाल शाईने काहीतरी लिहिले आणि शस्त्रक्रिया दुसरीकडे करून घ्या असे सांगितले. का, ते सांगितले नाही. असो.

आता कावीळ. संस्कृत 'कामला'पासून हा शब्द आला, आणि तो आजाराचे नव्हे तर रंगाचे नाव आहे. डोळे पिवळे, लघवी पिवळी, की झाली कावीळ. त्यावरचे उपायही रंगाचेच. चुन्याच्या पाण्यात हात धुवायचे, पाणी पिवळे झाले की कावीळ उतरली. मुळ्यांच्या तुकड्यांची माळ डोक्यावर ठेवायची. ती सैल होत खाली गळ्यात उतरते, तसतसा आजार उतरतो. कोठे नाकात औषध, कोठे हातावर डागणी. या उपायांना हसणारे पुष्कळ आहेत, मला मात्र त्यांत हसण्यासारखे फार दिसत नाही. दूषित पाण्यातून होणारी कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस ए किंवा ई, बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपली आपणच बरी होते. झाडणाऱ्याला यश येते ते खरेच येते. फक्त ते त्याचे नसते. गावाचा अनुभव पिढ्यान्‌पिढ्या हेच सांगत आला आहे, की कावीळ दिसते आणि उतरते.

हिपॅटायटिस सी यांपैकी काहीच करत नाही. तो बहुधा दिसत नाही आणि सहसा उतरत नाही. ज्यांना लागण होते त्यांपैकी साधारण तीस टक्क्यांचे शरीर सहा महिन्यांच्या आत विषाणूला हुसकावून लावते. उरलेल्या सत्तर टक्क्यांत तो मुक्काम करतो. डोळे पांढरेस्वच्छ राहतात. वीस वर्षांत त्यांच्यापैकी शंभरातील पंधरा ते तीस जणांचे यकृत घट्ट, गाठाळ होते. पोटात पाणी होते, रक्ताची उलटी होते, काहींना कर्करोग होतो. डोळ्यांत पिवळेपणा आलाच तर तो या शेवटच्या मुक्कामावर येतो. ज्या समाजाने आजाराचे नावच रंगावरून ठेवले, त्याला बिनरंगाचा आजार कसा समजावा? 'पांढरी कावीळ' असा एक शब्द अलीकडे ऐकू येतो, पण तो बहुधा हिपॅटायटिस बीसाठी वापरला जातो. पंजाबात 'काला पीलिया' म्हणतात. पिवळ्याला काळा म्हणण्याची ती धडपड मला फार बोलकी वाटते.

आमच्या भागात या गोंधळात आणखी एक भर आहे. सिकलसेलच्या रुग्णांच्या रक्तपेशी लवकर फुटतात, त्यामुळे त्यांचे डोळे पिवळसर असणे ही नित्याची बाब. म्हणजे येथे पिवळे डोळे असलेल्याला हा आजार नसतो आणि असलेल्याचे डोळे पिवळे नसतात. शिवाय सिकलसेलच्या काही रुग्णांना पुनःपुन्हा रक्त चढवावे लागते, म्हणजे धोका त्यांनाच अधिक.

दुसरा शब्द दारू. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. बंदीच्या बाजूची आणि विरुद्धची भांडणे येथे उकरून काढायची नाहीत. पण एक परिणाम सहसा कोणी बोलत नाही. जेथे पिणे हा केवळ दुर्गुण नसून गुन्हाही आहे, तेथे 'यकृत खराब झाले' हे वाक्य कबुलीजबाबासारखे ऐकू येते. माझे निदान झाल्यावर एका ओळखीच्या गृहस्थांनी, अगदी कळकळीने, विचारले होते : "मॅडम, तुमी त घेत नाई, मंग लिवर कसं काय खराब झालं?" मी बाई, त्यातून शिक्षिका, म्हणून माझ्याविषयी निदान 'घेत नाई' हे गृहीत धरले गेले. मोहफुले वेचणाऱ्या गावातला एखादा गोंड किंवा माडिया शेतमजूर असता तर प्रश्न विचारण्याचेही कारण पडले नसते. उत्तर आधीच तयार असते. दारू यकृत बिघडवते हे खरेच, आणि हिपॅटायटिस सी असलेल्याने तर ती वर्ज्यच करावी. परंतु म्हणून प्रत्येक बिघडलेले यकृत दारूचे नसते, आणि पिणाऱ्याच्या यकृतातही विषाणू असू शकतो. त्याची तपासणी कोणी करतच नाही, कारण कारण सापडलेले असते.

योगायोग असा की मराठीतील आजारपणाचे सर्वांत गाजलेले पुस्तक गडचिरोलीतूनच आले : डॉ. अभय बंग यांचे 'माझा साक्षात्कारी हृदयरोग'. त्या पुस्तकाने कितीतरी घरांतला स्वयंपाक बदलला, माणसे फिरायला लागली, हृदयविकारावर उघडपणे बोलू लागली. हृदयरोगाला साक्षात्कार शोभतो. यकृताच्या रोगाला तो शोभेल अशी आपल्या साहित्याची धारणा नाही. अमिताभ बच्चन यांनी, १९८२ च्या अपघातानंतर मुंबईत चढवलेल्या रक्तातून आपल्याला हिपॅटायटिस बी झाला आणि यकृताचा पाऊण भाग गेला, हे जाहीरपणे सांगितले तेव्हा अनेकांनी प्रथमच ऐकले की हा आजार असाही होतो. मराठी लेखकांकडून मला तेवढ्याही उघडेपणाचे उदाहरण आठवत नाही. (कोणास ठाऊक असल्यास जरूर कळवावे.)

हा आजार रक्तातून रक्तात जातो. सोबत जेवल्याने, हात हातात घेतल्याने, एका विहिरीचे पाणी प्यायल्याने तो होत नाही. ज्या जिल्ह्यात १९४९ पासून वरोऱ्याजवळ आनंदवन उभे आहे, तेथे स्पर्शाच्या भीतीचा इतिहास नव्याने सांगण्याची गरज नसावी. धोका आहे तो सुईत. साठ-सत्तरीतल्या वाचकांना आठवत असेल : काचेची पिचकारी, तीच सुई, स्टोव्हवरचे उकळते पाणी, आणि दाराबाहेर रांग. पाणी किती वेळ उकळले हे रांगेची लांबी ठरवत असे. 'सुई मारली नाही तर तो डॉक्टर कसला' ही समजूत तर अजून गेलेली नाही. इजिप्तने याची किंमत मोजली. तेथे १९५० च्या दशकापासून १९८० च्या दशकापर्यंत गोगलगायींतून पसरणाऱ्या एका परजीवी रोगावर सरकारनेच गावोगाव इंजेक्शने दिली. रोग आटोक्यात येत गेला, आणि त्याच सुयांमधून हिपॅटायटिस सी लाखो लोकांत पसरला. चांगल्या हेतूने केलेले काम होते ते. त्याच इजिप्तने २०१८-१९ मध्ये सात महिन्यांत जवळजवळ पाच कोटी लोकांची तपासणी केली आणि बाधितांना मोफत औषध दिले. ज्या सरकारच्या सुईने आजार आला, त्याच सरकारच्या सुईपुढे लोकांनी पुन्हा बोट धरले, याचे मला औषधापेक्षाही अधिक अप्रूप वाटते.

आपल्याकडे सुईची आणखी एक जागा आहे आणि तिच्याविषयी लिहिताना हात जरा अडखळतो. गोंदण. मेल्यावर सोबत येणारा दागिना तो एकच, अशी श्रद्धा. तिच्यावर टीका करण्याचा माझा मुळीच मानस नाही. माझ्या स्वतःच्या हातावर आईने काढून घेतलेले गोंदण आहे. पण जत्रेत एकाच यंत्राने, एकाच शाईच्या डबीतून, ओळीने वीस हात गोंदले जातात तेव्हा प्रत्येक हाताला नवी सुई मागणे हा श्रद्धेचा अपमान नव्हे. न्हाव्याकडे नवे पाते मागतो, तसेच हे.

उपचाराविषयी थोडक्यात सांगते, कारण तो खरोखरच थोडक्यात आहे. पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शने सहा महिने ते वर्षभर घ्यावी लागत. ताप, केसगळती, मनाची घोर उदासी, आणि एवढे सोसून बरे होणारे जेमतेम निम्मे. २०१३ च्या अखेरीस अमेरिकेत सोफोसबुविर हे औषध आले. तेथे एका गोळीची किंमत हजार डॉलर होती. २०१४ मध्ये भारतीय कंपन्यांना ते बनवण्याचे परवाने मिळाले आणि किंमत कोसळली. मी सोफोसबुविर आणि डाक्लाटासविर यांच्या गोळ्या रोज एकदा, चौऱ्याऐंशी दिवस घेतल्या. काही दिवस डोके दुखले. बाकी सांगण्यासारखे काही नाही. औषध संपल्यावर बारा आठवड्यांनी रक्तात विषाणू सापडला नाही, यालाच बरे होणे म्हणतात. शंभरातील नव्वदांहून अधिक असे बरे होतात. २८ जुलै २०१८ रोजी केंद्र सरकारचा राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला; त्याखाली तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहेत. माझ्या गोळ्याही त्यातूनच मिळाल्या.

मग अडते कोठे? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२२ मध्ये भारतात सुमारे पंचावन्न लाख लोकांना हा आजार होता. आणि जगभरात ज्यांना तो आहे त्यांपैकी जेमतेम छत्तीस टक्क्यांनाच तो असल्याचे कळलेले होते. औषध आहे, पैसे लागत नाहीत, आणि रोग्यालाच पत्ता नाही. ही स्थिती वैद्यकापेक्षा वाङ्मयाच्या, म्हणजे सांगण्याच्या, अपयशाची आहे.

शोधल्याशिवाय दिसत नाही हे गडचिरोलीला नवे नाही. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रिया तपासल्या आणि १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहिले, की त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता. त्याआधी तपासणी झालेल्या अवघ्या ८ टक्के. तोवर त्या दुखण्यांना रोग म्हणायचे हेच ठरलेले नव्हते. हिपॅटायटिस सी एवढा सर्रास मुळीच नाही. आपल्याकडे शंभरांत एखाद्याला असेल, बहुधा तेवढ्यांनाही नसेल. म्हणूनच सरसकट सगळ्यांना शिबिरात ओढण्यापेक्षा ज्यांना कारण आहे त्यांनी आधी जावे. २००१ पूर्वी ज्यांना रक्त चढवले. बाळंतपणे, झाडावरून पडणे, बैलगाडीचे अपघात, सारे त्यात आले. सिकलसेलचे आणि थॅलेसेमियाचे रुग्ण. डायलिसिसवर असलेले. ज्यांनी अनेकांत वापरलेल्या सुईने इंजेक्शन घेतले किंवा गोंदवून घेतले ते. २०२३ मध्ये सुरू झालेल्या सिकलसेल निर्मूलन मोहिमेत चाळीस वर्षांपर्यंतच्या लोकांचे बोट टोचले जातेच आहे. वारंवार रक्त घेणाऱ्यांसाठी त्याच बैठकीत दुसरा एक थेंब का घेऊ नये, हे मला कळत नाही. भामरागडला पर्लकोटेला पूर आला की रस्ता बंद होतो. तेथल्या माणसाला एका आजारासाठी एकदा आणि दुसऱ्यासाठी पुन्हा बोलावणे, हे न बोलावण्यासारखेच आहे.

आणि त्याला त्याच्या भाषेत सांगावे. 'अँटीबॉडी रिअ‍ॅक्टिव्ह' हे शब्द मला, मराठी शिकवण्यात हयात गेलेल्या बाईला, दोनदा समजावून घ्यावे लागले. पहिली चाचणी एवढेच सांगते, की विषाणू कधीतरी येऊन गेला किंवा अजून आहे. आहे की गेला, ते दुसऱ्या, विषाणू मोजणाऱ्या चाचणीतूनच कळते. पहिल्या चाचणीवर घाबरून घरी बसलेली माणसे मी पाहिली आहेत; त्यांच्यापैकी काहींच्या अंगात विषाणू उरलेलाही नसेल.

बरे झाल्यावरही ती पहिली चाचणी बहुधा जन्मभर 'आहे' असेच म्हणत राहते. पुढे कधी दात काढायचा असेल, शस्त्रक्रिया करायची असेल, की कोणीतरी पुन्हा लाल शाई उचलणारच. तेव्हा दुसऱ्या चाचणीचा, विषाणू न सापडल्याचा कागद सांभाळून ठेवावा. माझा मी प्लास्टिकमध्ये घालून शिधापत्रिकेशेजारी ठेवला आहे. तो कागद म्हणजे कवच मात्र नव्हे. या आजारावर लस नाही, आणि दूषित सुईने तो पुन्हाही होऊ शकतो.