मृगाच्या आधी मनगटावर घड्याळ बांधा

मृग लागायच्या आधी आपल्याकडे घरोघरी एक यादी डोक्यात चालू असते. कौलं चाळायची, पत्र्याचे हूक बघायचे, सुकी लाकडं पडवीत घ्यायची, मीठ-मसाला आणि सुकी मासळी भरून ठेवायची, बॅटरीचे सेल आणायचे. महाड-पोलादपूरच्या माणसाला ही यादी कुणी शिकवायला नको. मी तीत एकाच वस्तूची भर घाला म्हणतोय. घरातल्या निदान एका माणसाच्या मनगटावर साधं, चालू, वेळ बरोबर लावलेलं घड्याळ असू द्या.

‘मोबाइल असताना घड्याळ कशाला?’ हे आमच्या घरातली पोरंच मला विचारतात. प्रश्न चुकीचा नाही. मोबाइलची वेळ टॉवरवरून येते, आपली आपण जुळते आणि अचूकपणात साध्या घड्याळापेक्षा सरसच असते. वीज नीट असेल, चार्जर हाताशी असेल, तर वेळ बघण्यापुरतं घड्याळावाचून कुणाचं अडत नाही. आपलं अडतं ते पावसाच्या चार महिन्यांत. मोबाइल बंद पडला की नातेवाइकांचे नंबर, बॅटरी, बातम्या, हिशेब आणि वेळ, सगळं एकदम जातं. यातली वेळ ही एकच गोष्ट अशी आहे, जी वेगळी काढून मनगटावर ठेवता येते.

२१ आणि २२ जुलै २०२१ आठवा. त्या दोन दिवसांत महाडच्या बाजारपेठेत पाणी शिरलं, लोक वरच्या मजल्यावर आणि गच्चीवर गेले, वीज गेली, मोबाइलची सेवा कोलमडली. २२ तारखेला दुपारी चारच्या सुमाराला तळिये गावावर दरड कोसळली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही दरडी आल्या. संपर्क तुटल्यामुळे गावागावांतली बातमी बाहेर पोचायलाच वेळ लागला. दरडीपुढे घड्याळ काहीच करू शकत नाही, हे आधीच सांगतो. डोंगराला नवी भेग दिसली, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, झाडं किंवा खांब कलले, तर वेळ बघत बसू नका, निघा. पण पुराचं तसं नाही. पुराला वेळापत्रक असतं आणि ते वाचायला घड्याळ लागतं.

सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूरवरून खाली येते, महाडच्या परिसरात तिला काळ आणि गांधारी या नद्या मिळतात आणि पुढे ती बाणकोटच्या खाडीने समुद्राला जाते. महाड एके काळी बंदर होतं, ते खाडीची भरती इथवर पोचायची म्हणूनच. वरून महाबळेश्वरच्या डोंगराचं पाणी आणि खालून भरती, हे दोन्ही एका वेळी आले की पाण्याला जायला वाट राहत नाही. २०२१ साली २४ जुलैला गुरुपौर्णिमा होती, म्हणजे ते उधाणाचे दिवस होते. जुन्या माणसांना हे गणित तोंडपाठ आहे. पुनवेला आणि अवसेला आपल्या किनाऱ्यावर भरती साधारण बाराच्या सुमाराला, आणि पुढे दर दिवशी पाऊण तास ते पन्नास मिनिटं उशिरा. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत बारा तास पंचवीस मिनिटं. समुद्रातली भरती खाडीतून वर चढायला आणखी वेळ घेते, तो किती ते आपापल्या गावातल्या होडीवाल्याला किंवा खाडीकाठच्या म्हाताऱ्याला पावसाआधीच विचारून ठेवा.

आता समजा, रात्री अडीच वाजता तुम्ही पोटमाळ्यावर बसलेले आहात. बाहेर काळोख, पाऊस थांबत नाही, मोबाइल केव्हाच बंद पडलाय. अशा वेळी माणसाला एक तास तीन तासांसारखा वाटतो. पाणी चढतंय की थांबलंय, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. भीती वाटली की ते नेहमी चढतंय असंच वाटतं. म्हणून भिंतीवर पाण्याच्या रेषेला पेन्सिलने खूण करा आणि शेजारी वेळ लिहा. अर्ध्या तासाने पुन्हा एक खूण, पुन्हा वेळ. चार खुणा झाल्या की पाण्याचा वेग तुमच्यासमोर असतो. एका पायरीला किती वेळ लागतो, भरती ओसरायला अजून किती तास आहेत, शेजारच्या म्हातारीला आत्ता गच्चीवर घ्यायचं की थोडं थांबता येईल, हे अंदाजाने नाही, हिशेबाने ठरवता येतं. आणि बचावाची होडी आली तर त्यांनाही सांगता येतं की दोनपासून चारपर्यंत पाणी एवढं चढलं. प्रशासनाने घर सोडा म्हटलं असेल तर मात्र खुणा करत थांबू नका.

दुसरी गोष्ट औषधपाण्याची, आणि या मुलखात ती पुराइतकीच मोठी आहे. लाल विंचवाच्या दंशाने इथे पूर्वी किती माणसं, त्यातही किती पोरं जात असत, हे जुन्या पिढीला माहीत आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७० च्या दशकात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. विंचू चावलेल्या रुग्णांच्या उशाशी बसून त्यांनी नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचं गार पडणं, फुप्फुसात पाणी होणं, हे सगळं नोंदवलं. प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध त्या दंशावर लागू पडतं हे दाखवून दिलं आणि ते ‘लॅन्सेट’सारख्या जागतिक वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हे औषध जितकं लवकर मिळेल तितकं चांगलं. म्हणून दवाखान्यात पाऊल टाकताच ‘कधी चावला?’ हे विचारलं जातं. ‘मघाशी’, ‘जेवणं झाल्यावर’, ‘दिवेलागणीला’ ही उत्तरं डॉक्टरांना पुरत नाहीत. विंचू असो की साप, ओरड ऐकू आली की आधी मनगटाकडे बघा आणि वेळ लक्षात ठेवा. लिहून ठेवलीत तर उत्तम.

घोणस किंवा फुरसं चावल्याचा संशय असेल तर दवाखान्यात रुग्णाचं थोडं रक्त काचेच्या स्वच्छ नळीत घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात. वीस मिनिटांनी नळी तिरकी करायची. रक्त गोठलं नसेल तर विष रक्तात भिनलंय असं समजतात. ही तपासणी करायला लागते ती एक नळी आणि एक घड्याळ. आणि एक सूचना, जी घड्याळाच्या बाजूने बोलतानाही सांगितलीच पाहिजे. साप हाताला चावला असेल तर त्या हातातलं घड्याळ, अंगठी, बांगड्या लगेच काढा. हात सुजला की तेच घट्ट आवळून बसतं.

लहान मुलांचं सांगतो. खोकला-ताप असलेलं पोर भराभर श्वास घेतंय का, हे ठरवायला पूर्ण एक मिनिट श्वास मोजावे लागतात. पोर शांत असताना, सदरा वर करून, पोट किती वेळा वर येतं ते बघायचं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला साठ किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षाचं पन्नास किंवा जास्त, एक ते पाच वर्षांचं चाळीस किंवा जास्त श्वास घेत असेल तर न्यूमोनियाची शंका धरून त्याच दिवशी दवाखाना गाठा. कुडपणसारख्या डोंगरातल्या गावातून तो निर्णय सोपा नसतो, म्हणून तो मोजून घ्यावा. मोबाइलवर सेकंद मोजता येतात, खरं आहे. पण एका हाताने पोर धरलेलं, दुसऱ्याने सदरा वर केलेला, तेव्हा मोबाइल धरायचा कुणी? सेकंदकाट्याचं घड्याळ तिथेच मनगटावर असतं. बाळंतपणाच्या कळा किती मिनिटांनी येतायत, हे मोजतानाही तेच.

रोजच्या कामात फायदा लहान आहे, पण आहे. लावणीच्या दिवसांत मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत बांधून बांधावर ठेवलेला असतो आणि हात कोपरापर्यंत चिखलात. काढला तरी ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही. ज्वलनशील माल असलेल्या कारखान्याच्या विभागात मोबाइल नेऊ देत नाहीत. काही ठिकाणी सेलच्या घड्याळालाही मनाई असते, ती पाळा. फिरत्या यंत्रापाशी तर मनगटावर काहीच नको. दहावी-बारावीच्या परीक्षेत मोबाइल आत नेता येत नाही, म्हणून पोरांना सरावाचे पेपर मनगटी घड्याळ लावूनच सोडवायला सांगा. ‘नीट’ला कोणतंच घड्याळ चालत नाही. तेव्हा प्रवेशपत्रावरच्या सूचना वाचा. आणि पोलादपूरच्या स्टँडवर गावाच्या एसटीची वाट बघताना वेळ पाहायला मोबाइल काढला की त्यातच मान जाते. शेवटची गाडी चुकली की पुढचा घाट अंधारात चढावा लागतो.

घ्यायचं कुठलं? महाग मुळीच नको. आजच्या सेलच्या घड्याळात क्वार्ट्‌झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि त्यावर काटे चालतात. पाचशे-हजार रुपयांचं घड्याळही महिन्याला काही सेकंदांपलीकडे चुकत नाही. जास्तीचे पैसे जातात ते नावाला आणि दिसण्याला. मागच्या झाकणावर ‘३० मीटर’ लिहिलेलं असेल तर ते तीस मीटर खोल नेता येतं असा अर्थ नाही. ते फक्त शिंतोडे आणि हात धुण्यापुरतं. आपल्या पावसाला ५० मीटरचं बरं, होडीवर किंवा नदीत उतरणाऱ्याला १०० मीटरचं. घड्याळ ओलं असताना वेळ लावायची चावी ओढू नका, पाणी तिथूनच शिरतं. चामड्याच्या पट्ट्याला आपल्याकडे पंधरा दिवसांत बुरशी धरते, तेव्हा रबराचा, नायलॉनचा किंवा स्टीलचा घ्या. अंधारात काटे चमकतील किंवा आतला दिवा लागेल असं बघून घ्या. रोज चार्ज करावं लागणारं स्मार्टवॉच हौसेला घ्या, पण वीज गेल्यावर ते दोन-चार दिवसांत मोबाइलच्याच वाटेने जातं.

कित्येक घरांत तर नवं घ्यायची गरजही नाही. मुंबईच्या चाकरमान्यांनी आणलेली, लग्नात सासऱ्याने जावयाला दिलेली एचएमटीची घड्याळं कपाटात पडून आहेत. त्या सरकारी कारखान्याने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने बंगळूरला घड्याळं करायला सुरुवात केली. २०१६ साली सरकारने तो विभाग बंद करायचं ठरवलं, पण चावीची घड्याळं अजून चालतात. आमच्या वडिलांचं चालतं. ते सकाळी दात घासून झाले की चावी द्यायचे, आता मी देतो. त्याला ना सेल लागतो ना वीज. तेलपाणी मात्र करून घ्यायला हवं. बाजारात घड्याळं दुरुस्त करणारे आता थोडेच उरलेत, मृगाच्या तोंडावर नाही तर आत्ताच त्यांच्याकडे जा. सेलचं घड्याळ बंद पडून असेल तर मेलेला सेल आत ठेवू नका, तो पाझरला की यंत्र खातो.

टॉवर चालू आहे तोवर मोबाइलवरूनच वेळ जुळवून घ्या. घरात कुणाच्या हातात घड्याळ राहणार ते ठरवा. आणि पाणी आलं तर जिथे जाऊन बसायचं, त्या पोटमाळ्याच्या भिंतीला एक पेन्सिल दोऱ्याने बांधून ठेवा.