तेजस मिगपेक्षा ‘स्लो’ का? उत्तर इनटेकमध्ये आहे

११ ऑक्टोबर २०२४ ला आमच्या नवी मुंबई विमानतळावर हवाई दलाचं सी-२९५ उतरलं, सुखोई-३० धावपट्टीवरून घोंगावत गेलं. तेव्हापासून ऑफिसच्या ग्रुपवर लढाऊ विमानांचे तज्ज्ञ वाढलेत. मग २६ सप्टेंबर २०२५ ला मिग-२१ निवृत्त झालं, १७ ऑक्टोबरला नाशिकजवळ ओझरहून तेजस मार्क-१ए उडालं आणि मेसेज फिरला: “जुनं मिग २ मॅक गाठायचं, नवं तेजस १.६ वरच. ही कसली प्रगती?”

प्रश्न चुकीचा नाही. इंजिन, हवेचा अडथळा ही कारणं आहेतच, पण मोठा वाटा इनटेकचा, म्हणजे हवा आत घेणाऱ्या तोंडाचा.

विमान कितीही जोरात जाऊ दे, कंप्रेसरला हवा ध्वनीच्या साधारण निम्म्या वेगाचीच लागते. म्हणजे हवेला वाटेतच ब्रेक लावायचा. हा ब्रेक म्हणजे शॉकवेव्ह. एकाच सरळ शॉकवेव्हने काम भागवलं, तर १.६ मॅकला सुमारे १० टक्के दाब वाया जातो, २ मॅकला तब्बल २८ टक्के! दाब गेला की थ्रस्ट गेला.

मिगच्या नाकातला शंकू यासाठीच. आधी तिरकी शॉकवेव्ह, मग सौम्य सरळ; नुकसान बरंच कमी. वेग बदलला की शॉकवेव्हचा कोन बदलतो, म्हणून शंकू मागे-पुढे सरकतो. पण रडारही त्याच शंकूत कोंबावं लागलं, मग ते मोठं कसं करणार? सुखोईने इनटेक पंखांखाली नेले आणि आत हलणाऱ्या फळ्या बसवल्या. नाक मोकळं झालं, वजन आणि देखभाल वाढली. (मिग आणि सुखोई, दोन्ही ओझरलाच बनायची.)

तेजसच्या इनटेकमध्ये हलणारं काहीच नाही. दोन बाजूंची तोंडं वळणावळणाने इंजिनपाशी एकत्र येतात. त्यामुळे इंजिनची पाती शत्रूच्या रडारपासून बरीचशी झाकली जातात. विमानाच्या अंगाला चिकटून येणारी मंद हवा आत जाऊ नये म्हणून मध्ये फट ठेवलीय. २ मॅकने उडणं म्हणजे इंधन भसाभस जाळणं, तेही मिनिटांपुरतं. त्यासाठी रोज ते वजन वाहायचं? मला तरी हा सौदा पटतो.

तेजसवर चिडायचंच, तर इनटेकच्या मागे बघा. जीईकडून ९९ इंजिनं घ्यायचा करार ऑगस्ट २०२१ चा. त्यातलं पहिलं इंजिन आलं मार्च २०२५ मध्ये.