रिकामी खाट आणि चोवीस पाळ्या

जून २०२० मध्ये जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातून एक वृद्ध करोनाबाधित महिला बेपत्ता झाली आणि सुमारे आठ दिवसांनी तिचा मृतदेह त्याच रुग्णालयाच्या स्वच्छतागृहात सापडला. अधिष्ठात्यांसह काही जण निलंबित झाले. कारवाई आवश्यकच होती. परंतु आठ दिवस म्हणजे तीन पाळ्यांच्या हिशेबाने चोवीस पाळ्या. एवढ्या पाळ्या बदलूनही शोध त्या दारापर्यंत का पोहोचला नाही, याचे उत्तर निलंबनाच्या आदेशात मिळत नाही. मनुष्यबळाची टंचाई आणि संसर्गाची धास्ती ही कारणे खरीच. तथापि कनिष्ठाने शंका बोलून दाखवावी, असे वातावरण आपल्या रुग्णालयांत असते काय, हेही विचारायला हवे.

अमेरिकेतील संशोधक एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात रुग्णालयांतील औषधोपचाराच्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या चमूंत चुका कमी आढळतील, ही त्यांची अपेक्षा होती. नोंदी नेमक्या उलट निघाल्या. त्या चमूंत चुका अधिक घडत नव्हत्या, त्या अधिक सांगितल्या जात होत्या. या निर्धास्तपणालाच पुढे १९९९ च्या शोधनिबंधात त्यांनी 'मानसिक सुरक्षितता' म्हटले. आपल्याकडे मात्र चुकांची नोंदवही कोरी असणे हेच उत्तम कारभाराचे लक्षण ठरते!

भीती बाहेरूनही येते. मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात निवासी डॉक्टरला रुग्णाच्या नातेवाइकांनी बेदम मारहाण केली आणि राज्यभरातील निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. मागणी सुरक्षारक्षकांची होती व ती रास्तच होती. पण दारावरचा रक्षक नातेवाइकांना अडवील. वरिष्ठांसमोर गप्प बसणाऱ्या परिचारिकेला त्याचा काय उपयोग? आणि वॉर्डाचा कोपरा न् कोपरा पाहणाऱ्या सफाई कामगाराला तर कोणी काही विचारतही नाही.

पाळी बदलताना सर्वांदेखत खाटा मोजाव्यात, वॉर्डाच्या प्रमुखांनी प्रथम स्वतःची शंका सांगावी, एवढ्यानेही आरंभ होईल. याने शिस्त ढिली होईल, हा आक्षेप टिकत नाही. हेतुपुरस्सर हयगय आणि त्याच पाळीत स्वतःहून सांगितलेली चूक यांत भेद करणे हीदेखील शिस्तच. दुसऱ्या प्रकारात मेमो मिळणार नाही, असे अधिष्ठात्यांनी लेखी कळवावे. त्या परिपत्रकात कंत्राटी कामगारांचाही उल्लेख हवा. त्यांचे निलंबन होत नाही, कंत्राटच संपते आणि त्याची बातमीही होत नाही.