‘नॉन’वाल्यांचा हिशोब द्या!

मे 2020. लॉकडाऊन चालू. मुंबईच्या पूर्व उपनगरातली आमची वस्ती. रात्री दोनच्या सुमाराला शेजारच्या मावशीच्या छातीत कळ आली. घामानं लुगडं भिजलं. रिक्षा बंद, लोकल बंद, ॲम्ब्युलन्सचा फोन लागेना. शेवटी भाजीचा टेम्पो मिळाला. कोबीच्या गोण्या सारून मावशीला आडवं केलं नि निघालो.

पहिल्या इस्पितळाच्या गेटवर वॉचमननं हात आडवा घातला. ‘कोविड हाय का?’ ‘नाय भाऊ, हार्टचं हाय.’ ‘मग हितं नाय. नॉन-कोविड दुसरीकडं न्या.’ दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, आधी स्वॅबचा रिपोर्ट आणा, मग आयसीयूचं बघू. तिसरं खाजगी. तिथं डिपॉझिटचा आकडा सांगितला. आकडा ऐकून मावशीच्या पोरानं टेम्पोच्या फळीला डोकं टेकलं. चौथ्या ठिकाणी कॅज्युअल्टीत घेतलं, केसपेपर निघाला, पण आयसीयूत बेड नव्हता. सकाळी सहाला मावशी स्ट्रेचरवरच गेली. दाखल्यावर लिहिलं, हृदयविकार.

दाखला खोटा नाही. पण चार गेटं त्यात कुठं आहेत? कोविडनं मेलेल्यांचा आकडा रोज संध्याकाळी टीव्हीवर यायचा. कोविडमुळं खाट न मिळून मेलेल्यांचा आकडा एकदाही आला नाही. मावशी कुठल्याच यादीत नाही. त्या यादीसाठी हा लेख आहे.

नॉन-कोविड! काय शब्द काढलाय. हार्टचा पेशंट, किडनीचा पेशंट, परातीवरून पडून डोकं फुटलेला बिगारी, साप चावलेली शेतमजूर बाई, बाळंतपणात झटके आलेली पोर, सातव्या महिन्यात जन्मलेलं मूल, या सगळ्यांना एकच नाव. जे ‘ते’ नाहीत, ते. दोस्तहो, आपल्याला हा प्रकार नवा नाही. माणसाकडं काय नाही त्यावरून त्याला नाव ठेवायचं, ही इथली जुनी खोड. अवर्ण म्हणजे तरी काय होतं? वर्ण नसलेले. एकदा ‘नॉन’ म्हटलं की गेटच्या बाहेर ठेवायला कारण लागत नाही.

आता कोणी म्हणेल, साथच तशी होती, डॉक्टरांनी काय करायचं? खरंय. डॉक्टर, सिस्टर, वॉर्डबॉय, आयाबाई, सफाई कामगार प्लास्टिकच्या त्या पोशाखात तासन्‌तास पाण्याचा घोट न घेता राबले. काही त्यातच मेले. त्यांच्याशी आपलं भांडण नाही. कोविडच्या पेशंटशी तर मुळीच नाही. दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसं राहणाऱ्यांना अंतर ठेवा म्हणून सांगितलं, तिथं कोविडही आपल्यालाच झाला. भांडण आहे ते खाट एक ठेवून दोन गरिबांना तिच्यासाठी झुंजवणाऱ्यांशी.

खाटा होत्या किती? एप्रिल 2020 मध्ये अभ्यासकांनी अंदाज काढला. सगळ्या देशात, सरकारी-खाजगी मिळून, इस्पितळांत 19 लाख खाटा. त्यातल्या आयसीयूच्या 95 हजार. व्हेंटिलेटर 48 हजार. आणि आयसीयूच्या खाटांतल्या निम्म्याहून जास्त खाजगीत. 130 कोटींहून जास्त लोकांच्या देशात! म्हणजे साथ यायच्या आधीच आपण रांगेत होतो. साथीनं रांग मोडली नि आपल्याला बाहेर ढकललं, इतकंच.

त्यात गरिबाचं इस्पितळच आधी ताब्यात गेलं. एप्रिल 2020 मध्ये मुंबईतलं नायर रुग्णालय कोविडसाठी राखलं गेलं. सेंट जॉर्जही कोविडचं झालं. साथीला जागा लागणार, कबूल. पण तिथं रोज येणाऱ्या बाकीच्या पेशंटांनी जायचं कुठं? मे 2020 मध्ये राज्य सरकारनं खाजगी इस्पितळांतल्या 80 टक्के खाटा आपल्या नियमाखाली घेतल्या, कोविडचे दर बांधून दिले. आयसीयू दिवसाला साडेसात हजार, व्हेंटिलेटरसह नऊ हजार. लुटीला लगाम घातला, चांगलं केलं. पण नाका बंद, काम बंद, चूल बंद, आणि दिवसाचे नऊ हजार! बांधलेला दरही ज्याच्या गळ्याला फास होतो, त्याच्यासाठी ती खाट नव्हतीच.

आणि मुळात आयसीयू म्हणजे काय? पांढरपेशांना वाटतं, मशीन. तसं नाही. त्याचा जन्म कसा झाला बघा. 1952 साली डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात पोलिओची साथ आली. ब्लेगडॅम इस्पितळात पोरं श्वास अडकून मरू लागली. पहिल्या तीन आठवड्यांत श्वास अडकलेल्या 31 जणांपैकी 27 दगावले. मशीनं पुरेशी नव्हती. मग ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञानं युक्ती काढली. गळ्याला भोक पाडून नळी घालायची आणि रबरी पिशवी हातानं दाबून हवा भरायची. दाबणार कोण? वैद्यकीचे विद्यार्थी. सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळ्या लावून रात्रंदिवस पिशव्या दाबत बसले. मृत्यूचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. 1953 मध्ये इब्सेननं अशा पेशंटांसाठी कायमचा विभाग काढला. म्हणजे आयसीयू साथीतूनच जन्मला, आणि माणसांच्या हातांतून जन्मला.

आजही तो हातांवरच चालतो. व्हेंटिलेटरवरच्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठ सडते. नळीतला कफ ओढावा लागतो. लघवी मोजावी लागते. औषधाचा पंप संपत आला की बदलावा लागतो. म्हणून एका पेशंटमागं एक सिस्टर, हा हिशोब. साथीत काय झालं? इंग्लंडसारख्या श्रीमंत देशातसुद्धा 2020-21 च्या हिवाळ्यात कुठं कुठं एका सिस्टरकडं चार-चार पेशंट आले. मग आमच्याकडं काय झालं असेल ते सांगायला शहाणा कशाला लागतो? गजर वाजतोय आणि सिस्टर तिसऱ्या खाटेशी अडकलीय. त्या वेळी जो मरतो, तो खाट मिळूनही मरतो. त्याचीही नोंद नाही.

ऑपरेशनचंही तेच. भूल देणारे डॉक्टर आयसीयूत गेले, थिएटरातली श्वासाची मशीनंही तिकडं गेली, म्हणून ऑपरेशनं थांबली. 2020 मध्ये साथीच्या ऐन भरातल्या 12 आठवड्यांत जगभर 2 कोटी 84 लाख ऑपरेशनं पुढं ढकलली किंवा रद्द होतील, असा अभ्यासकांचा अंदाज होता. ‘तातडीचं नाही’ म्हणून पुढं ढकललेली गाठ तारखेची वाट बघत नाही. ती वाढते.

इथली गोष्ट घ्या. देशातल्या 187 इस्पितळांच्या पाहणीत दिसलं की मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत हार्ट अटॅकचे पेशंट 2019 च्या मानानं सुमारे 35 टक्क्यांनी कमी आले. काय, लोकांची हृदयं अचानक धड झाली? लोक भीतीनं घरात बसले, रस्त्यात अडले, गेटवरून परतले. राजस्थानात डायलिसिसवरच्या पेशंटांना विचारलं, तर शंभरातल्या 63 जणांच्या उपचारात लॉकडाऊननं खंड पाडला होता. खंड कोणाचा जास्त पडला? बायकांचा, गरीब-मागासांचा, इस्पितळापासून लांब राहणाऱ्यांचा. विषाणूला जात नसते म्हणतात. नसेल. पण खाटेला असते, रस्त्याला असते, गेटला असते.

मग सरकारनं काय केलं? मशीनं वाटली. औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) सरकारी रुग्णालयाला पीएम केअर्समधून 150 व्हेंटिलेटर मिळाले. त्यातले 113 वापरायला घेतले आणि ते सदोष निघाले, असं मे 2021 मध्ये हायकोर्टाच्या खंडपीठापुढं आलं. केंद्र म्हणालं, मशीनं नीट आहेत, चालवणाऱ्यांना शिकवलेलं नाही. बरं, तुमचं खरं धरू! तरी सवाल उरतोच. शिकवलेली माणसं का नव्हती? मशीन एका ट्रकातून येतं. आयसीयूची सिस्टर तयार व्हायला वर्षं लागतात.

माणसं आणली ती कंत्राटी. मैदानांवर जम्बो सेंटरं उभी राहिली, बीकेसीला, गोरेगावला, मुलुंडला. पाहता पाहता हजारो खाटा! तेव्हा कळलं की पैसा होता, जागा होती, मनात आलं तर जमतं. मग साथ ओसरली, तंबू निघाले, कंत्राटं संपली. काल ज्यांच्यासाठी थाळ्या वाजवल्या, त्यांना नारळ दिला. वापरा आणि फेका. झाडूवाल्याला आणि सिस्टरला एकाच मापानं मोजलं.

आणि पुढं? सप्टेंबर 2023 सरत होता, ऑक्टोबर लागत होता. साथ नाही, लॉकडाऊन नाही. नांदेडच्या सरकारी रुग्णालयात 24 तासांत 24 माणसं मेली. त्यातली 12 नवजात बाळं. मग पाहणीला एक खासदार आले आणि त्यांनी अधिष्ठात्यांच्या हातानं संडास साफ करून घेतला. अधिष्ठाता आदिवासी समाजाचे. ॲट्रॉसिटीचा गुन्हा दाखल झाला. खाटा कमी का, हात कमी का, हे मंत्रालयात विचारायचं सोडून झाडू कोणाच्या हातात दिला ते बघा! म्हणजे 2020 साली जे झालं त्याचा दोष एकट्या विषाणूवर टाकता येत नाही. आपल्यासाठी रोजच साथ असते. कोविडनं ती फक्त मोठ्या घरांनाही दाखवली.

1897 च्या प्लेगात सावित्रीबाई फुल्यांनी मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर पाठीवर घेऊन यशवंतचा दवाखाना गाठला. त्याच प्लेगनं 10 मार्च 1897 ला त्या गेल्या. सव्वाशे वर्षं झाली. आजही आपल्या माणसाला इस्पितळात पोचवायला कोणाची तरी पाठ नाहीतर भाजीचा टेम्पो लागतो. आणि गेट बंदच असतं.

म्हणून आमचं म्हणणं साधं आहे. पुढची साथ येणार. तेव्हा जिल्ह्याचं सगळं सरकारी इस्पितळ एका रोगाला देऊन टाकायचं नाही. हार्ट, अपघात, बाळंतीण, नवजात यांचा आयसीयू वेगळा राखायचा, त्याच्या सिस्टरना तिथून हलवायचं नाही. रिपोर्टची वाट बघत कोणाला दारात ठेवायचं नाही. संशयितांसाठी वेगळ्या खाटा ठेवा, उपचार आधी सुरू करा. सिस्टर, तंत्रज्ञ, वॉर्डबॉय, सफाई कामगार यांना कायम करा, आजच, साथ यायच्या आधी. आणि प्रत्येक गेटवर एक वही ठेवा. कोणाला परत पाठवलं, किती वाजता, कुठल्या कारणानं, कोणाच्या सहीनं, सगळं लिहा. ती वही लोकांना बघायला मिळाली पाहिजे.

ते ठेवणार नसतील तर आपण ठेवू. वस्तीवस्तीत पोरांनी बसावं, घरोघर विचारावं. 2020 आणि 2021 मध्ये तुमच्या घरातलं कोण गेलं? कशानं गेलं? किती गेटं फिरलात? नावं लिहा. तारखा लिहा. आमच्या वस्तीनं सुरुवात केलीय. वहीत पहिलं नाव मावशीचं आहे. पुढं चार गेटं, चार तास.