डाग पुसू नका!

मुलांनो, गेल्या शनिवारी आमच्या वर्गात चित्रकलेचा तास होता. मी टेबलावर टोपलीत दोन केळी, एक पेरू आणि एक चिकू ठेवला. अशा, एका जागी मांडून ठेवलेल्या वस्तूंच्या चित्राला म्हणतात 'स्थिरचित्र'.

एका मुलीनं केळ्यावरचे काळे ठिपकेसुद्धा काढले होते. शेजारीण हसली, "शी! नासकं केळं!" झालं! हिनं लगेच खोडरबर उचलला. मी म्हटलं, "थांब गं, पुसू नकोस." आणि वर्गाला माझीच फजिती सांगितली.

माणगावात माझ्या आजीच्या जुन्या घरी ओटीवर तसबिरींची रांग होती. त्यात रविवर्मा छापखान्यातली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रं होती. हा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. पण रांगेत शेवटी एक हातानं काढलेलं चित्र होतं: सुपात रायवळ आंबे आणि काजूची बोंडं. ते आजीच्या वडिलांनी जलरंगात काढलेलं. त्याची काच कधीच फुटली होती.

गणपतीआधी साफसफाई चालली होती. एका आंब्यावर मला काळा डाग दिसला. घेतलं ओलं फडकं आणि घासलं! डाग गेला, पण त्याबरोबर आंब्याचा पिवळा रंगही गेला. आजी रागावली नाही. एवढंच म्हणाली, "अगो बाय, तो डाग नव्हता. तो आंबाच तसा होता."

घरात फळांची चित्रं लावायची हौस फार जुनी बरं का! इटलीतलं पाँपेई शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. तिथल्या एका घराच्या भिंतीवर काचेच्या भांड्यातली फळं रंगवलेली सापडली. आपल्या सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी रंगीत फळंही शोभेचीच. आणि इटलीच्याच काराव्हाज्जो या चित्रकारानं १६००च्या सुमारास फळांची एक परडी रंगवली. त्यातलं सफरचंद चक्क किडलेलं आहे, पानं सुकलेली आहेत! त्यानं जसं दिसलं तसं काढलं. ते चित्र आज मिलान शहरात जपून ठेवलंय.

पणजोबांचं चित्र आता माझ्या घरी आहे. आंब्यावर पांढरट फराटा आहे. तिथं काय होतं, ते आता कुणालाच दाखवता येत नाही.

तुमच्या घरी असं जुनं चित्र असेल, तर त्याला पाणी लावू नका. ऊन आणि पावसाळ्यातली ओल लागणार नाही अशा भिंतीवर लावा. ते कुणी काढलं, हे आजी-आजोबांना विचारून वहीत लिहून ठेवा. पालकांनो, रद्दीत टाकण्याआधी तुम्हीही एकदा नीट बघा हं!

आणि हो, त्या मुलीचं ठिपक्यांचं केळं आमच्या वर्गाच्या भिंतीवर लागलंय. ठिपक्यांसकट!