पेटीपॅक!

दिवाळीची झाडलोट सुरू झाली की आमच्या माळ्यावरून एक लाकडी खोके दरवर्षी खाली उतरते आणि दरवर्षी पुन्हा वर जाते. वडिलांनी जमवलेले फियाटचे सुटे भाग त्यात आहेत. मेणकागदात गुंडाळलेले, ग्रीसने माखलेले, कारखान्याच्या मूळ पेटीतले. घरच्यांचे म्हणणे, भंगारवाल्याला द्या. जुन्या मोटारींचे शौकीन मात्र हात जोडून सांगतात, "अहो, उघडू नका! न उघडलेल्या पेटीची किंमत निराळी." माझे भांडण आहे ते या दुसऱ्या मंडळींशी, आणि ते भर फराळाच्या ताटावर मांडण्याचा अपराध मी जाणूनबुजून करीत आहे.

पूर्वी कारखान्यातून निघालेला, दुकानाच्या फळीवर पडून राहिलेला आणि कधीच इंजिनात न बसलेला भाग म्हणजे 'कोरा जुना माल'. २०२१ साली केंद्राच्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना विंटेज म्हणून वेगळी नोंदणी आणि 'व्हीए' ही अक्षरे दिली. अट घातली ती गाडी मूळ रूपात असण्याची. अट योग्यच आहे. पण तेव्हापासून 'मूळ' म्हणजे 'मूळ पेटीतले' असा सोयीचा अर्थ पुष्कळांनी लावून घेतला, आणि पेटीतले लोखंड सोडून पुठ्ठ्याचीच पूजा सुरू झाली.

माझ्या वडिलांची डिलाइट १९६८ सालची. तिचा क्रँक पूर्वी एकदा ग्राइंडिंगला देऊन ०.२५४ मिलिमीटरने बारीक केलेला होता. तेव्हा त्यावर बसणारे बेरिंगचे शेल त्या हिशेबाने जाड हवेत. एका दुकानात तशी पेटी मिळाली. सील शाबूत, आकडा बरोबर. "साहेब, पेटीपॅक माल!" दुकानदार म्हणाला, आणि मी भाव केला नाही. गॅरेजमधल्या पोराने पेटीवरचा आकडा वाचून शेल बसवले. खंबाटकीचा चढ लागला तेव्हा ऑइलचा लाल दिवा लुकलुकू लागला आणि पाठोपाठ खालून ठोका ऐकू आला. वडील शेजारी बसले होते, वय ८२. ते एवढेच म्हणाले, "बंद कर."

इंजिन खोलल्यावर आमच्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी एक शेल उलटा केला, पाठ चिंधीने पुसली आणि काही न बोलता माझ्या हातात दिला. पाठीवर शिक्का होता स्टँडर्ड मापाचा! दुकानात केव्हातरी चार पेट्या एकदम उघडल्या गेल्या असतील, माल अदलाबदल झाला असेल, वर पुन्हा चिकटपट्टी बसली असेल. यात कोणाची लबाडी असायलाच हवी असे नाही. पण क्रँक खरवडला गेला तो गेलाच. क्रँक काही उसाचे कांडे नव्हे की तोडले तर पुन्हा फुटेल. या प्रकरणात दुकानदार अर्धा दोषी. उरलेला अर्धा मी, कारण शेल उलटा करून पाहायला मला कोणी मना केले नव्हते.

आणि मोजायचे होते तरी किती? एका शेलच्या जाडीत फरक पडतो ०.१२७ मिलिमीटरचा, म्हणजे वहीच्या एखाद्या जाडसर पानाएवढा. शेलची आतली बाजू खोलगट, म्हणून साधा मायक्रोमीटर तिथे फसतो. मिस्त्री सायकलच्या बेरिंगमधला एक छर्रा खोलगट बाजूला धरतात, माप घेतात आणि छर्‍याचा व्यास वजा करतात. झाले! यासाठी ना इटलीला जावे लागते, ना लिलावात बोली लावावी लागते.

इटलीवरून आठवले. पेटी शंभर टक्के खरी असून फसवते, याचा याहून चांगला दाखला नाही. इटलीत १९६२ साली निघालेल्या '११०० डी' चे सिलिंडर ७२ मिलिमीटरचे आणि इंजिन १२२१ सीसीचे. आपल्याकडची ११०० डी, म्हणजे डिलाइट, मात्र ६८ मिलिमीटर आणि १०८९ सीसीवरच राहिली, आणि पुढे पद्मिनीही. अस्सल इटालियन पेटी, अस्सल नाव, अस्सल पिस्टन. पण आमच्या ब्लॉकमध्ये तो उतरणारच नाही. उलट ६८ मिलिमीटरचा आहे म्हणून कोणताही पिस्टन "सगळ्या फियाटला चालतो" हेही खोटे. हे माप १९३७ पासूनचे, पण मधल्या काळात कॉम्प्रेशन वाढत गेले. तेव्हा पिनच्या मध्यापासून पिस्टनच्या माथ्यापर्यंतची उंची मोजल्याखेरीज हो म्हणू नये. तीच गत ओतीव आकड्यांची. धातूवर उठावात दिसणारा आकडा बहुधा ओतकामाचा असतो, तयार भागाचा नव्हे. एकाच ओतकामातून यंत्रावर दोन निरनिराळे भाग निघू शकतात. बोल्टचे पाहा: ८ मिलिमीटर आणि ५/१६ इंच यांत फरक इतका थोडा की बोटांना कळत नाही, कळतो तो आटे चिरडल्यावर.

शौकीन म्हणतात, हल्लीच्या नकली मालापेक्षा जुना माल शतपटीने बरा. धातूपुरते मला मान्य आहे. त्या काळच्या वॉल्व्हवर मी आजही डोळे मिटून हात ठेवीन. पण रबराचे काय? चाळीस वर्षे पेटीत झोपलेला पेट्रोल पंपाचा पडदा कोरा असतो आणि मेलेलाही असतो. त्यात आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. जुन्या रबराला ते मानवत नाही. असा पडदा पेटीपॅक म्हणून विकणे आणि विकत घेणे, दोन्ही मला सारखेच हास्यास्पद वाटते.

मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये उतरली. तिच्यावर हात बसलेले मिस्त्री आता पांगले आहेत. कोणी गावी गेले, कोणी दुसऱ्या धंद्यात. कोणत्या सालात काय बदलले हे त्यांना तोंडपाठ. आणि आमचे मोटारवाले काय करतात? शर्यती, फेटे, करंडक! ज्यांच्या वहीत मापे आहेत ते वही दडवून ठेवतात, का, तर दुसऱ्याची गाडी बरी निघेल. अहो, करंडकाच्या शेजारी एक टेबल मांडा, त्यावर मायक्रोमीटर ठेवा, येईल त्याची पेटी उघडा, माप घ्या आणि चिठ्ठीवर तारीख घालून लिहा. किंमत उतरेल म्हणता? उतरू द्या. खंडेनवमीला हत्यारांना कुंकू लावायचे आणि वर्षभर त्यांना हात लावायचा नाही, हा कुठला रिवाज?

आमच्या खोक्यातल्या अकरा पेट्या मी यंदा उघडल्या. आठ बरोबर निघाल्या, दोघींत भलतेच होते. अकरावीवर वडिलांच्या हातचे फक्त 'फियाट' एवढेच लिहिले आहे. आत बेरिंगचे शेल आहेत, पाठीवरचा शिक्का गंजाने खाल्लेला. धाकटीला सायकलचा छर्रा आणायला पाठवले आहे.